चार वाजताची भूक: स्नॅक असा निवडा की साडेपाचला परत काहीतरी शोधावं लागणार नाही

दुपारचं जेवण दीडला झालेलं असतं, चार वाजले की काहीतरी हवं असं वाटायला लागतं, हाताशी बिस्किटांचा पुडा असतो, चार बिस्किटं खाल्ली की बरं वाटतं आणि साडेपाचला पुन्हा तीच भूक, उलट आधीपेक्षा जरा जास्तच. माझं कित्येक वर्षं रोज हेच चालायचं आणि मी धरून चाललो होतो की आपला तोंडावर ताबा नाही. पुढे यावर वाचत गेलो, स्वतःवर थोडे प्रयोग केले, तेव्हा कळलं की ताब्याचा भाग यात थोडाच आहे, चारला काय खाल्लं आणि त्यानंतर रक्तातली शुगर कशी वरखाली झाली यावर साडेपाचची भूक बरीचशी ठरते. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, ज्याला करून बघायचंय त्याला उपयोग होईल.

आधीच सांगतो, हे ज्यांना डायबेटिस नाही अशा धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहे. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, तर स्नॅकचं गणित वेगळं असतं, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

शुगर वाढते म्हणजे नक्की काय होतं

एक गोष्ट कळल्यावर मी चाट पडलो होतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी शुगर 90 च्या आसपास असते, म्हणजे दर 100 मिलिलिटर रक्तात 90 मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार करून बघा, सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम साखर होते, चहाचा एक छोटा चमचा. बस्स. आणि कोल्ड्रिंकच्या 330 मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे, जी आपण पाच मिनिटांत पिऊन टाकतो. आता जिथे एक चमचा असायला हवा तिथे सात-आठ चमचे येऊ घातलेत म्हटल्यावर शरीराला किती लगबग करावी लागत असेल विचार करा. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, स्नायू आणि लिव्हर ती साखर आत ओढून घेतात, आतड्यातून जीएलपी-1 सारखे हार्मोन निघतात जे स्वादुपिंडाला आधीच इशारा देतात आणि पोट रिकामं व्हायचा वेगही कमी करतात. तब्येत ठीक असेल तर हे सगळं इतकं सुरळीत होतं की शुगर अर्ध्या ते एक तासात वर जाते, बहुतेक वेळा 140 च्या आतच राहते आणि दोन-तीन तासांत मूळ जागेवर येते.

त्यामुळे नुसती शुगर वर गेली म्हणून घाबरायचं काही कारण नाही, खाल्ल्यावर ती वर जाणारच, शरीराचं कामच आहे ते. हल्ली दंडाला शुगर मोजणारा सेन्सर लावून प्रत्येक घासाचा ग्राफ बघणारे लोक केळं खाल्लं तरी टेन्शन घेतात, मला ते पटत नाही. धडधाकट माणसाने लक्ष द्यायचं ते ग्राफच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे शुगर खाली येताना कुठवर जाते तिकडे.

कारण झपकन वर गेलेली शुगर खाली येताना कधीकधी मूळ पातळीच्याही खाली उतरते. फार नाही, चक्कर येऊन पडण्याइतकी तर अजिबात नाही, पण मेंदूला जाणवेल इतकी. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे संशोधक ज्यात होते असा एक मोठा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, 1070 लोकांना सेन्सर लावून बघितलं होतं. त्यात असं दिसलं की खाल्ल्यावर पहिल्या दोन तासांत शुगर किती वर गेली यावरून पुढच्या भुकेचा नीट अंदाज येत नाही, पण दोन ते तीन तासांनी ती किती खाली उतरली यावरून बराच येतो. ज्यांची जास्त खाली उतरायची त्यांना भूक साधारण 9 टक्के जास्त लागली, पुढचं खाणं त्यांनी सरासरी अर्धा तास आधी सुरू केलं आणि दिवसभरात मिळून साधारण 300 कॅलरी जास्त खाल्ल्या. सकाळचा नाश्ता सगळ्यांना तोच दिलेला होता, तरीही. मला यात माझं साडेपाचचं बिस्किट स्पष्ट दिसलं.

म्हणजे स्नॅक चांगला की वाईट हे खाताना ठरवायचंच नाही, दोन-अडीच तासांनी ठरवायचं. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एकाच कसोटीवर लावून बघा.

पहिली गोष्ट, चावायला लागेल असं खा

खरंतर सगळे प्रोटीनपासून सुरुवात करतात, पण मला वाटतं चावण्याकडे लोकांचं सगळ्यात कमी लक्ष जातं आणि बदल करायला तीच गोष्ट सगळ्यात सोपी आहे, म्हणून ती आधी.

1977 मध्ये ब्रिटनमध्ये एक साधा आणि फार सुंदर प्रयोग झाला होता. धडधाकट लोकांना सफरचंद तीन प्रकारे दिलं, एकदा अख्खं, एकदा त्याचा गर करून, एकदा ज्यूस करून, आणि तिन्ही वेळा कार्ब (म्हणजे साखर, स्टार्च वगैरे) सारखेच, 60 ग्रॅम. ज्यूस लोकांनी अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने संपवला, गरापेक्षा चार पट वेगाने. पोट भरल्यासारखं सगळ्यात जास्त अख्ख्या फळाने वाटलं, सगळ्यात कमी ज्यूसने. सुरुवातीला शुगर तिन्हींत जवळपास सारखीच वाढली, पण ज्यूसनंतर इन्सुलिन जास्त वाढलं आणि मग शुगर खाली घसरली, अख्ख्या फळानंतर तशी घसरली नाही. फळ तेच, साखर तेवढीच, फक्त फायबर काढून टाकलं, मोडलं किंवा तसंच ठेवलं इतकाच फरक.

हे तुम्हीही करून बघू शकता. एक सफरचंद घ्या, मोबाईल बाजूला ठेवा आणि घड्याळ लावून नीट चावून खा. मला सात-आठ मिनिटं लागतात, साल दाताखाली येते, मध्येच जबडा थोडा दमतो, शेवटचे दोन घास तर आता पुरे असं वाटत असताना खाल्ले जातात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला एक ग्लास सफरचंदाचा ज्यूस प्या. दीड मिनिट. ग्लास खाली ठेवल्यावर तोंड गोड झालेलं असतं पण पोटाला काही आल्याचं कळलेलंच नसतं, आणि त्या एका ग्लासात एकाहून जास्त सफरचंदांची साखर असते. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात 2009 मध्ये असंच बघितलं होतं, जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी खाल्ल्या तर एकूण खाणं, सफरचंद धरूनसुद्धा, 15 टक्क्यांनी कमी झालं, ज्यूसने तसं झालं नाही, ज्यूसमध्ये फायबर वेगळं घालून दिलं तरी तेवढं झालं नाही.

चावायला वेळ लागतो आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायलाही वेळ लागतो, साधारण पंधरा-वीस मिनिटं, त्यामुळे जे खाणं तोंडात विरघळतं ते निरोप पोचायच्या आधीच संपलेलं असतं. क्रीमचं बिस्किट, पफ, मऊ केक, हे सगळे त्यातलेच. दात लागतील असं काहीतरी निवडा, अख्खं फळ, गाजर, काकडी, शेंगदाणे, बदाम, भाजलेले चणे.

मग प्रोटीन आणि फायबर

माझा स्वतःचा हिशेब अगदी सोपा आहे, स्नॅकमध्ये निदान 5 ग्रॅम प्रोटीन आणि 3 ग्रॅम फायबर यायला पाहिजे. हा काही कुठल्या संस्थेचा नियम नाही, मला लक्षात ठेवायला सोपा पडतो आणि बरं निघतं म्हणून वापरतो. एका उकडलेल्या अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं पण फायबर शून्य, म्हणून सोबत फळ किंवा गाजर. मूठभर शेंगदाण्यांत, म्हणजे 30 ग्रॅमच्या आसपास, प्रोटीन 7 ग्रॅम आणि फायबर अडीच ग्रॅम, एकट्यानेच जवळपास काम होतं. मध्यम सफरचंदात फायबर 4 ग्रॅम पण प्रोटीन नावापुरतं, म्हणून त्याला चार-सहा बदाम किंवा वाटीभर दह्याची जोड द्यायची. आता चार बिस्किटांचं बघा, 20 ग्रॅमच्या आसपास कार्ब, प्रोटीन दीड-दोन ग्रॅम, फायबर अर्धा-एक ग्रॅम. म्हणजे पोटात फार वेळ टिकेल असं त्यात काहीच नाही.

हे का चालतं तर फायबर, त्यातही पाण्यात विरघळून चिकट होणारं, जसं ओट्समध्ये किंवा कडधान्यात असतं, ते पोटातलं सगळं जरा घट्ट करतं, त्यामुळे अन्न पुढे हळू सरकतं आणि ग्लुकोज रक्तात थेंबाथेंबाने जातं. फॅटमुळेही पोट हळू रिकामं होतं. आणि प्रोटीनमुळे आतड्यातले भूक शमवणारे हार्मोन वाढतात. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात 2014 मध्ये 20 धडधाकट बायकांवर प्रयोग झाला होता, जेवणानंतर तीन तासांनी 160 कॅलरीचा स्नॅक, एकदा जास्त प्रोटीनचं योगर्ट, एकदा क्रॅकर म्हणजे खारट कुरकुरीत बिस्किटं, एकदा चॉकलेट. योगर्टनंतर पुढचं खाणं मागायला चॉकलेटपेक्षा अर्धा तास आणि क्रॅकरपेक्षा वीस मिनिटं उशीर झाला आणि रात्रीच्या जेवणात साधारण 100 कॅलरी कमी गेल्या. प्रयोग छोटा आहे, फक्त बायकांवरचा आहे, त्यावर सगळी इमारत उभी करता येत नाही, पण माझा स्वतःचा अनुभव त्याला जुळतो.

मात्र योगर्ट घेताना एक बघा, फ्लेवरवाल्या डब्यात बऱ्याचदा भरपूर साखर घातलेली असते. साधं दही घ्या, वर फळ चिरून टाका.

सुक्यामेव्याच्या कॅलरीची लोकांना फार भीती वाटते म्हणून हेही सांगून टाकतो. 28 ग्रॅम बदामांत पाकिटावर 170 च्या आसपास कॅलरी लिहिलेल्या असायच्या, पण अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी 2012 मध्ये माणसांवर मोजून बघितलं तेव्हा शरीराला त्यातल्या 129 च मिळतात असं निघालं, कारण बदामाच्या पेशींच्या भिंती पूर्ण फुटत नाहीत आणि थोडं फॅट न पचता तसंच बाहेर जातं. म्हणून मूठ भरभरून तीन वेळा खा असं नाही, एक मूठ वाटीत काढा आणि डबा बंद करून जागेवर ठेवा, मग खायला बसा. डबा समोर उघडा असला की मोजमाप राहत नाही, इथे कितीही हुशार माणूस फसतो.

जीआय बघून स्नॅक निवडणाऱ्यांसाठी

ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजेच जीआय ही कल्पना टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडली, एखाद्या पदार्थातल्या 50 ग्रॅम कार्बने शुगर किती वर जाते याची ग्लुकोजशी किंवा ब्रेडशी तुलना. ग्लुकोजला 100 धरलं तर 55 किंवा त्याखाली असेल तर कमी, 70 किंवा वर असेल तर जास्त. कल्पना उपयोगी आहे पण स्नॅकच्या बाबतीत दोन ठिकाणी गंडायला होतं.

एक म्हणजे कलिंगड. त्याचा जीआय बऱ्याच तक्त्यांत 70 च्या वर दिलेला असतो आणि लोक ते सोडून देतात, पण कलिंगड म्हणजे बहुतेक पाणीच, 50 ग्रॅम कार्ब जायला पाऊण किलोच्या आसपास गर खावा लागेल. एका वाटीत कार्बच इतके कमी असतात की शुगरवर फार फरक पडत नाही. म्हणूनच पुढे ग्लायसेमिक लोडची कल्पना आली, ज्यात आपण किती खातोय तेही धरतात.

दुसरं याच्या बरोबर उलटं. चॉकलेट, आइस्क्रीम यांचा जीआय अनेकदा कमी निघतो कारण त्यातल्या फॅटमुळे पोट हळू रिकामं होतं. ग्राफ छान सपाट दिसतो पण त्याने पोट भरतं असं नाही. सपाट ग्राफ आणि शमलेली भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिडनीत 1995 मध्ये सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी 38 पदार्थ घेऊन, प्रत्येकाचे 240 कॅलरीचे भाग करून, दोन तास लोकांचं पोट किती भरलेलं राहतं हे मोजलं होतं. पांढऱ्या ब्रेडला 100 धरलं तर सगळ्यात वर कोण आलं असेल, उकडलेला बटाटा, 323. आणि सगळ्यात खाली क्रोसाँ, म्हणजे भरपूर लोणी घातलेला पदरांचा फ्रेंच पाव, 47. ज्या बटाट्याला जीआयच्या तक्त्यात सगळे नावं ठेवतात तोच पोट भरण्यात पहिला. कारण सरळ आहे, 240 कॅलरीचे उकडलेले बटाटे म्हणजे ताटात मोठा ढीग होतो, आणि 240 कॅलरीचं क्रोसाँ चार घासांत संपतं. अर्थात हा उकडलेला बटाटा, चिप्स नव्हे.

तेव्हा जीआयचा तक्ता फ्रीजवर लावायची गरज नाही. पाकिटावर मात्र तीन आकडे जरूर बघा, प्रोटीन, फायबर, वरून घातलेली साखर, आणि ते कितीला दिलेत तेही, कारण 100 ग्रॅमचे आकडे आणि एका सर्व्हिंगचे आकडे यात लोक गोंधळतात, आणि एका पाकिटात तीन-तीन सर्व्हिंग असतात. 'शुगरफ्री' लिहिलेल्या बिस्किटातही पीठ असतंच आणि पीठ म्हणजे स्टार्च, स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच माळा, त्या पोटात तुटणारच. 'नो ॲडेड शुगर' लिहिलेल्या ज्यूसमध्ये फळाची स्वतःची साखर असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये जी मर्यादा सांगितली, म्हणजे दिवसभरातल्या कॅलरीपैकी 10 टक्क्यांच्या आत फ्री शुगर (वरून घातलेली किंवा सुटी साखर) आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या आत म्हणजे साधारण 25 ग्रॅम, त्यात मध आणि ज्यूसमधली साखरही धरलेली आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

खरी भूक आहे का हे आधी बघा

भूक नसताना खाल्लेला स्नॅक, मग तो कितीही हेल्दी असो, पुढचं जेवण फारसं पुढे ढकलत नाही, तो नुसताच वर जमा होतो. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, आत्ता समोर उकडलेलं अंडं किंवा साधं सफरचंद आलं तर खाईन का. उत्तर हो असेल तर भूक आहे, खा. फक्त काहीतरी गोडच किंवा कुरकुरीतच हवं असेल तर बहुतेक कंटाळा आहे, नाहीतर झोप. मग ग्लासभर पाणी पिऊन दहा मिनिटं पाय मोकळे करून येतो आणि परत तोच प्रश्न विचारतो. निम्म्या वेळा विषय तिथेच संपतो, निम्म्या वेळा खरंच भूक असते आणि मग मी काही मनाला न लावता खातो. भूक लागणं हा गुन्हा नाहीये हो, उगाच दाबून ठेवलेली भूक रात्रीच्या जेवणात दुप्पट वसूल करते.

झोपेचं म्हटलं ते उगाच नाही. शिकागो विद्यापीठात 2004 मध्ये 12 तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि नंतर दहा-दहा तासांच्या दोन रात्रींशी तुलना केली, भूक वाढवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त, भूक आवरणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी, आणि ओढ गोडाकडे, खारटाकडे, पिठाच्या पदार्थांकडे. म्हणजे रात्री जागरण झालं असेल तर दुसऱ्या दिवशी चारला बिस्किटं समोर दिसणार हे आधीच धरून चाला आणि त्या दिवशी स्नॅक सकाळीच डब्यात भरून ठेवा, ऐनवेळी निवडायला जाऊ नका.

वेळेचंही आहे. तेच खाणं सकाळी खाल्लं तर शुगर कमी वाढते आणि रात्री खाल्लं तर जास्त, शरीराच्या घड्याळामुळे संध्याकाळनंतर इन्सुलिनचं काम जरा सुस्त पडतं. त्यामुळे गोड खायचंच असेल, आणि खावंसं वाटतंच माणसाला, तर ते रात्री अकराला एकटं खाण्यापेक्षा दुपारी जेवणाच्या शेवटी खा, पोटात आधीच भाजी, प्रोटीन असतं, आणि मग थोडं चालून या. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी स्नायू ग्लुकोज ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनचीही फारशी वाट बघत नाहीत. फोनवर बोलायचंच असेल तर चालत बोला.

दोन आठवडे वही ठेवा

आता मुख्य काम. वर एवढे अभ्यास सांगितले पण ते सगळे सरासरीचे आहेत, तुमचं शरीर वेगळं असू शकतं. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने 2015 मध्ये 800 लोकांवर केलेल्या कामात हेच ठळकपणे दिसलं की तोच पदार्थ एकाची शुगर खूप वाढवतो आणि दुसऱ्याची जेमतेम. म्हणून स्वतःचं स्वतः बघायचं आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

चार प्रकारचे स्नॅक ठरवा, कॅलरी साधारण सारख्या, 150 ते 200 च्या आसपास. उदाहरणार्थ, बिस्किटं, सफरचंद आणि बदाम, साधं दही आणि फळ, भाजलेले चणे. प्रत्येक स्नॅक तीन-तीन दिवस, वेळ एकच, दुपारचं जेवणही शक्यतो एकसारखं. वहीत फक्त चार गोष्टी लिहायच्या, खायच्या आधी भूक दहापैकी किती, एका तासाने किती, अडीच तासांनी किती आणि रात्रीचं जेवण किती वाजता मागितलं. आदल्या रात्री झोप कमी झाली असेल तर कोपऱ्यात एक फुली मारा, तो दिवस मोजायचा नाही.

माझ्या वहीत बिस्किटांच्या दिवशी आकडे असे होते, आधी 6, तासाने 2, अडीच तासांनी 8. चण्यांच्या दिवशी आधी 6, तासाने 4, अडीच तासांनी 4. बघा, एका तासाला बिस्किटंच जिंकतात. म्हणूनच आपण फसतो, आपली आठवण त्या पहिल्या तासाची असते आणि अडीच तासांनी लागलेली भूक आपण वेगळीच भूक समजतो, तिचा चारच्या बिस्किटाशी संबंधच लावत नाही. मला हे कागदावर दिसेपर्यंत खरंच पटलं नव्हतं. आणि केळं, जे मी घाबरून सोडलं होतं, ते शेंगदाण्यांबरोबर खाल्लं तर मला छान चालतं हेही नंतर वहीतच कळलं.

कुणाकडे घरात ग्लुकोमीटर असेल तर मोजायचा मोह होतो, मोजा हवं तर, पण त्याची मर्यादा ओळखून. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 च्या वरच्या रीडिंगमध्ये 15 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे खरी शुगर 120 असेल तर मीटरवर 102 पासून 138 पर्यंत काहीही आलं तरी मीटर बिघडलेला नाही. म्हणून 118 आणि 126 मध्ये फरक शोधत बसू नका. बोट नीट धुवून, पुसून घ्या, फळ चिरलेल्या हाताने टोचलं तर बोटावरचीच साखर मोजली जाते. आणि दंडावरचा सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे तो काही मिनिटं मागे असतो, आणि रात्री त्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे खोटंच खाली गेलेलं दाखवतो. अशा रीडिंगने मध्यरात्री उठून साखर खाल्लेले लोक मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वही दोन आठवडे झाली की साधारण दोन-तीन जोड्या सापडतात ज्या आपल्याला जमतात, आवडतात आणि परवडतात. तेवढ्या पुरे. रोज नवीन रेसिपी शोधायला लागलात तर तिसऱ्या आठवड्यात सगळं सुटतं. मी रविवारी चणे आणि शेंगदाणे छोट्या डब्यांत भरून ठेवतो, एका दिवसाला एक डबा, आणि बिस्किटांचा पुडा घरात आहेच, पण वरच्या फळीवर, हाताशी नाही.

शेवटी एक, जे स्नॅक बदलून सुटणार नाही. खाल्ल्यावर तास-दोन तासांनी हात थरथरणं, घाम फुटणं, धडधड होणं, हे वारंवार होत असेल, किंवा भरपूर खाऊनही वजन उतरतंय, तहान खूप लागते, रात्री लघवीला सारखं उठावं लागतं, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा अंदाज, टक्क्यांत) या दोन साध्या रक्ततपासण्या आहेत. उपाशीपोटी 100 च्या खाली आणि एचबीए1सी 5.7 च्या खाली असेल तर ठीक, 100 ते 125 किंवा 5.7 ते 6.4 असेल तर प्री-डायबेटिस, आणि 126 किंवा त्याहून जास्त, नाहीतर 6.5 किंवा त्याहून जास्त आलं तर डायबेटिसची शक्यता, डॉक्टर बहुतेक वेळा परत एकदा तपासून खात्री करून घेतात.